डब्यातील पूड आणि ताटातील पालेभाजी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 चिटणीसबाईंनी पत्रातच विषय नेमून दिला होता. "गर्भारपणात मधुमेह होऊ नये म्हणून हल्ली ज्या पुड्या नि गोळ्या मिळतात, त्या आमच्या लेकीसुनांनी घ्याव्यात की नाही, एवढे सांगा," असे त्यांनी लिहिले होते. प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तरही मी सरळच देणार आहे. मी डॉक्टर नव्हे. चौतीस वर्षे सूतिकागृहात परिचारिका म्हणून काम केले आणि पुढे काही वर्षे परिचारिकांच्या वर्गात आहारशास्त्र शिकविले. तेव्हा जे सांगेन ते अनुभवाचे आणि तपासून पाहिलेले असेल. औषधयोजना मात्र ज्याची त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावी.

प्रथम हा विकार काय आहे ते पाहू. पोटातल्या बाळाला अन्न पोहोचते ते वारेतून, हे आपण सर्वजणी जाणतो. परंतु वार ही केवळ अन्न पोहोचविणारी नळी नव्हे. ती स्वतः काही रस तयार करून आईच्या रक्तात सोडते. ह्या रसांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी पडू लागतो. ह्यात निसर्गाचा हेतू वाईट नसतो. आईच्या रक्तात साखर थोडी अधिक वेळ राहावी आणि ती बाळाला मिळावी, असाच तो असतो. आईचे स्वादुपिंड मग अधिक इन्सुलिन करते आणि हिशेब जमतो. ज्या आईचे स्वादुपिंड एवढा वाढीव भार पेलू शकत नाही, तिच्या रक्तातील साखर वाढते. हाच गर्भारपणातील मधुमेह. वारेचा हा जोर पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वाढत जातो, म्हणून हा विकारही बहुधा त्या सुमारास प्रकट होतो.

ह्यात फसगत होते ती अशी की, बाईला काहीच होत नाही. पाय सुजत नाहीत, ताप येत नाही, खाणेपिणे व्यवस्थित असते. उलट "पोट कसे छान दिसते, बाळ चांगले धरले आहे," असे शेजारीपाजारी म्हणतात. आईची जास्तीची साखर बाळाकडे जाते आणि बाळ अंगाने मोठे होते. मग प्रसूतीच्या वेळी खांदा अडकतो, शस्त्रक्रिया करावी लागते आणि जन्मल्याबरोबर त्या गुटगुटीत बाळाची साखर एकदम उतरते. असे बाळ काचेच्या पेटीत ठेवताना बाहेर उभ्या असलेल्या आजीचा चेहरा मी कितीदा तरी पाहिला आहे. "एवढे धट्टेकट्टे बाळ, त्याला काय झाले?" असे ती विचारी. धट्टेकट्टेपणातच दुखणे होते, हे तिला कसे समजवावे?

हा विकार कोणाला होण्याचा संभव अधिक? जिच्या आईला, वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह आहे तिला. जिचे वजन मुळात अधिक आहे तिला. वय वाढल्यावर जिला दिवस राहिले तिला. मागच्या खेपेस जिला हा त्रास झाला होता किंवा जिचे बाळ फार मोठे होते तिला. पण आपण भारतीय स्त्रिया म्हणजे एकूणच जोखमीच्या गटातल्या. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या मुलीलाही हा मधुमेह होतो. तेव्हा "आमची सून काडीसारखी आहे, तिला कशाला तपासायचे?" असे म्हणून चालणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हा विकार टाळणारी पूड किंवा गोळी आहे का? बाजारात जे मिळते त्यातील मुख्य चार वस्तू घेऊ आणि प्रत्येकीचा पुरावा काय सांगतो ते पाहू. पुरावा म्हणजे शेजारणीचा अनुभव नव्हे. पुष्कळ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडावयाचे, एका गटाला खरी वस्तू द्यावयाची, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण गुण नसलेली वस्तू द्यावयाची, आणि अखेर दोहोंची गाठ घालून पाहावयाचे, ह्याला पुरावा म्हणतात.

पहिली वस्तू इनोसिटॉल. ही साखरेच्याच कुळातली पण साखरेसारखे काम न करणारी वस्तू फळांत, कडधान्यांत आणि दाण्यांत निसर्गतःच असते. 2013 साली इटलीतील डॉक्टरांनी, घराण्यात मधुमेह असलेल्या 220 गर्भवतींवर प्रयोग केला. रोज 4 ग्रॅम इनोसिटॉल घेणाऱ्यांपैकी 6 टक्के स्त्रियांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना. आकडे ऐकून कोणालाही वाटेल की औषध सापडले! परंतु 2017 साली आयर्लंडमध्ये 240 स्त्रियांना ह्याच जातीची, पण कमी प्रमाणाची आणि थोड्या निराळ्या मिश्रणाची पूड दिली, तेव्हा काहीच फरक पडला नाही. पुढे ब्रिटन, सिंगापूर आणि न्यूझीलंड ह्या तीन देशांत मिळून सतराशेंवर स्त्रियांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. त्यात दिवस राहण्याच्या आधीपासूनच इनोसिटॉल, जीवनसत्त्वे आणि पोटाला उपकारक जंतू अशी एकत्र पूड दिली होती. 2021 साली त्याचा निकाल आला. रक्तातील साखर दोन्ही गटांत सारखीच निघाली. म्हणजे इनोसिटॉल निरुपयोगी ठरले असे नव्हे, पण भरवसा ठेवण्याजोगेही ठरलेले नाही. आज कोणी "हे घ्या, मधुमेह होणारच नाही" असे म्हणेल तर तो पुराव्याच्या पुढे धावतो आहे, एवढे खूणगाठ बांधून ठेवावे.

दुसरी वस्तू म्हणजे हे पोटाला उपकारक जंतू, ज्यांना प्रोबायोटिक म्हणतात. ह्यांची कथा अधिक बोधप्रद आहे. 2010 साली फिनलंडमध्ये 256 स्त्रियांवर प्रयोग झाला. आहाराच्या सल्ल्याबरोबर हे जंतूही ज्यांना दिले, त्यांच्यापैकी 13 टक्क्यांना मधुमेह झाला. नुसता सल्ला घेणाऱ्यांत ते प्रमाण 36 टक्के होते. सगळीकडे आनंद झाला. मग ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे वजन अधिक असलेल्या 411 स्त्रियांवर पुन्हा पाहिले. 2019 साली निकाल लागला तो उलटाच. जंतू घेणाऱ्यांत मधुमेह 18 टक्के आणि न घेणाऱ्यांत 12 टक्के. पुढे 2021 साली अशा सर्व प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा दिसून आले की मधुमेह टळतो की नाही हे तर संशयास्पद आहेच, परंतु गर्भारपणातील रक्तदाबाचा जो घातक विकार असतो, त्याचा धोका मात्र ह्या गोळ्यांनी वाढतो. "घेऊन तर पाहू, अपाय तर नाही ना?" असे आपण सहज म्हणतो. त्या वाक्याला हे उत्तर आहे. गर्भारपणात अपाय नाही असे आधी सिद्ध व्हावे लागते, गृहीत धरता येत नाही. ह्यावरून कोणी घरचे ताक सोडू नये. वाटीभर ताक निराळे आणि निवडक जंतू कोट्यवधींनी भरलेली गोळी निराळी.

तिसरी वस्तू ड जीवनसत्त्व. आपल्याकडे ऊन भरपूर, पण अंगाला लागते कोठे? पुष्कळ स्त्रियांत ह्याची उणीव असते आणि ती असल्यास डॉक्टर सांगतील तशी भरून काढलीच पाहिजे. परंतु त्याने मधुमेह टळतो का? पूर्वी "बहुधा टळत असावा" असे म्हणत. 2024 साली जुन्या प्रयोगांची फेरतपासणी झाली, विश्वास ठेवण्याजोगे नव्हते ते प्रयोग बाजूला काढले, आणि मग त्या "बहुधा"तले बळ गेले. चौथी वस्तू माशाच्या तेलाची. ऑस्ट्रेलियात सुमारे 2400 स्त्रियांवर हा प्रयोग झाला. 2012 साली छापलेल्या निकालात मधुमेह टळल्याचे दिसले नाही.

ह्याशिवाय दालचिनीची पूड, मेथ्यांचे चूर्ण, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड हे घरगुती उपाय आहेतच. भाजीत मेथी घालणे, मसाल्यात दालचिनीचा तुकडा टाकणे ह्याला कोणाची ना नाही. पण औषध म्हणून चमचे मोजून गर्भवतीला देऊ नये. गर्भारपणातील मधुमेह ह्यांनी टळतो असा पुरावा नाही, आणि पोटातल्या जिवावर काय परिणाम होईल ह्याची खात्री कोणी दिलेली नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे काही नसते.

माझे बोलणे ऐकून कोणी म्हणेल, "बाई गोळ्यांच्या विरुद्ध आहेत." मुळीच नाही! गर्भवतीला दिलेल्या एका गोळीचा इतिहास तर आपल्या मुंबईतच सुरू झाला, आणि तो प्रत्येक स्त्रीने माहीत करून घ्यावा असा आहे. 1928 साली लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायका गर्भारपणी पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. त्याचे कारण शोधावयाचे होते. लूसीबाईंनी त्या बायकांच्या घरचे खाणे तपासले, आणि यीस्टचा स्वस्तसा अर्क देऊन पाहिला. बायका बऱ्या झाल्या! 1931 साली त्यांनी हे जगापुढे मांडले. त्या अर्कात जे द्रव्य होते ते पुढे 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, आणि पानावरूनच त्याला फोलिक अॅसिड हे नाव मिळाले; लॅटिन भाषेत पानाला तसा शब्द आहे. 1991 साली सात देशांत मिळून झालेल्या प्रयोगाने दाखविले की, दिवस राहण्यापूर्वीपासून हे द्रव्य घेतले तर बाळाच्या मणक्याचे नि मेंदूचे जन्मजात व्यंग पुष्कळच टळते. ही गोळी कसोटीला उतरली, म्हणून ती घ्यावयाची. पूड असो वा गोळी, तिला हाच एक प्रश्न विचारावा : तू कशाच्या कसोटीला उतरली आहेस?

म्हणून सरकारी दवाखान्यातून ज्या गोळ्या मिळतात त्या एकही न चुकवता घ्याव्यात. पहिल्या तीन महिन्यांत फोलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस लोहाची गोळी आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. आणि चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, कारण एक दुसरीला अंगी लागू देत नाही. लोहाच्या गोळीवर चहाही घेऊ नये. ह्या गोळ्या पंडुरोगासाठी, हाडांसाठी, बाळाच्या वाढीसाठी आहेत. मधुमेह टाळण्यासाठी नाहीत. पण त्यांचे काम त्या चोख करतात, आणि फुकट मिळतात. फुकट मिळते म्हणून तिची पत्रावळ कपाटात पडून राहते आणि विकतचा डबा मात्र दिवाणखान्यात मानाने मांडून ठेवलेला असतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

येथे पुण्याच्या कामाचा उल्लेख करणे अवश्य आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी 1993 सालापासून पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्यांना आढळले की आपली बाळे वजनाने लहान, पण त्यांच्या अंगात चरबी मात्र प्रमाणाने अधिक असते. दुसरी गोष्ट अशी की, त्या गर्भवतींपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींना ब-12 जीवनसत्त्वाची उणीव होती. ज्या आयांत ब-12 कमी आणि फोलेट मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा जोर कमी पडलेला दिसला. ह्याचा अर्थ फोलिक अॅसिड टाळा असा मुळीच नव्हे. ब-12 कडेही पाहा असा आहे. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नाही. ते दूध, दही, अंडी, मासळी, मटण ह्यांत असते. आपल्यापैकी पुष्कळ घरे शाकाहारी, आणि ज्या घरात दूध चहापुरतेच येते तेथे सुनेला ते मिळावयाचे कोठून? तेव्हा शाकाहारी मुलीने डॉक्टरांजवळ ब-12 ची गोष्ट आपण होऊन काढावी.

आता मी माझ्या भाषणातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येते. मधुमेह टाळण्यासाठी पूड नाही, मग काहीच नाही का? आहे. आणि त्याची परीक्षा परदेशात नव्हे, आपल्या मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाली.

2006 ते 2012 ह्या काळात डॉ. रमेश पोतदार, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मुंबईत हे काम केले. ज्यांना अजून दिवस राहिलेले नाहीत अशा सहा हजारांवर स्त्रिया निवडल्या आणि त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज एक खाऊ दिला. तो कसला? पालेभाजी, फळे आणि दूध ह्यांपासून केलेला, समोशासारखा किंवा भज्यासारखा, मुंबईच्या माणसाच्या जिभेला ओळखीचा. दुसऱ्या गटालाही तसाच दिसणारा खाऊ दिला, पण बटाटा, कांदा अशा कमी सत्त्वाच्या भाज्यांचा. घराजवळच्या केंद्रावर येऊन हा खाऊ खावयाचा, तोही घरच्या जेवणाच्या जोडीला. जेवणाच्या ऐवजी नव्हे. दिवस राहण्यापूर्वी निदान तीन महिने सुरू करून बाळंत होईपर्यंत.

त्यांपैकी 1008 गर्भवतींची साखरेची तपासणी झाली. बटाट्याकांद्याचा खाऊ खाणाऱ्यांत 12.4 टक्के स्त्रियांना मधुमेह निघाला. पालेभाजी, फळे, दुधाचा खाऊ खाणाऱ्यांत 7.3 टक्क्यांना. म्हणजे शंभरातील पाच स्त्रिया वाचल्या, आणि त्या कोणत्याही पुडीने नव्हे, रोजच्या एका खाऊने! हा निकाल 2016 साली प्रसिद्ध झाला.

मघा इनोसिटॉलला मी जो कस लावला तोच येथेही लावला पाहिजे. हा एकच प्रयोग आहे. तपासणीस निम्म्याच स्त्रिया आल्या. चांगल्या खाऊत अन्नाचे बळही दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होते, तेव्हा गुण पानांचा, दुधाचा की एकूण खाण्याचा, हे वेगळे सांगता येत नाही. तरीही दोहोंत मोठा फरक आहे. पुडीने मधुमेह टळला नाही तर पैसे गेले. पालेभाजीने मधुमेह टळला नाही तरी पंडुरोगाला, बद्धकोष्ठाला आणि बाळाच्या वाढीला उपयोग झालाच. आणि जी भाजी जन्मभर खाल्ली तिच्यापासून गर्भारपणात भय नसते.

ह्या प्रयोगातील एक गोष्ट आपण विसरतो. सुरुवात केव्हा झाली? दिवस राहण्याच्या आधी! आपल्याकडे मुलीचे कोडकौतुक सुरू होते सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाला. त्या दिवशी फुलांची वाडी भरतो, पाच पक्वान्ने करतो, "दोन जिवांची आहेस, दोघांचे खा" म्हणतो. तोपर्यंत वार आपले काम करून चुकलेली असते. दोन जिवांची असणे म्हणजे दुप्पट भात नव्हे. आणि लग्न होऊन आलेली सून सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाजीच्या रश्शाबरोबर भात खाते, तेव्हा दोन जिवांचे काय, एका जिवाचेही पुरते नसते. मी सासूबाईंना दोष देत नाही. त्यांनाही त्यांच्या तरुणपणी तसेच शेवटचे पान मिळाले होते. पण ही रीत आपल्याच पिढीने मोडावयाची आहे. नव्या सुनेचे पान घरातल्या सर्वांबरोबर मांडा, आणि तिच्या वाट्याची भाजी आधी काढून ठेवा.

रोज काय असावे ते अगदी थोडक्यात सांगते. एक मोठी वाटी पालेभाजी : पालक, माठ, मेथी, चाकवत, शेपू, शेवग्याचा पाला, जी जुडी त्या दिवशी स्वस्त असेल ती. एक फळ, पेरू किंवा संत्रे. फळाचा रस काढून नव्हे, चावून. दोन वेळा दूध, दही किंवा ताक, दूध साखरेवाचून. डाळ किंवा मोड आलेल्या मटकी-मुगाची उसळ दोन्ही जेवणांत. भाताचा ढीग कमी करून ज्वारी-बाजरीची भाकरी. चालत असेल त्यांनी अंडे किंवा मासळी. साखर, गोड पेये, बिस्किटे, मैद्याचे पदार्थ शक्य तितके दूर. आणि डॉक्टरांची मनाई नसेल तर रोज अर्धा तास चालणे. आराम म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे. लग्नापूर्वीच वजन अधिक असेल तर ते बेताने उतरवणे, हाही मधुमेह टाळण्याचा मोठाच उपाय आहे.

इतके करूनही मधुमेह होऊ शकतो. ज्या मुलीला तो झाला तिला "तूच काहीतरी अरबटचरबट खाल्ले असशील" असे कृपा करून म्हणू नका. स्वादुपिंडाची ताकद तिने बाजारातून आणलेली नसते. ती घाबरलेली असते. तिला आपला धीर हवा असतो.

म्हणूनच तपासणी चुकवू नये. केंद्र सरकारचा नियम असा आहे की प्रत्येक गर्भवतीची साखर दोन वेळा तपासावी : पहिल्यांदा दवाखान्यात नाव घालताना, आणि ती बरी निघाल्यास पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान. तपासणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावयाचे. उपाशीपोटी असण्याची गरज नाही. दोन तासांनी रक्त पाहावयाचे. साखर 140 किंवा तिच्यावर आली तर गर्भारपणातील मधुमेह आहे असे समजतात. उपाशी न ठेवता तपासण्याची ही रीत आपल्याकडे रुजविण्यात चेन्नईचे डॉ. व्ही. शेषैया ह्यांचा मोठा वाटा आहे. लांबून चालत येणाऱ्या बाईला "उपाशी येऊन परत ये" असे सांगितले तर ती परत येत नाही, हे त्यांनी ओळखले. दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, तेव्हा खर्चाचेही कारण उरत नाही.

निदान झाले म्हणजे सर्व बिघडले असेही नाही. आधी आहार सुधारून दोन आठवडे पाहतात, आणि पुष्कळ जणींचे त्यावरच भागते. न भागल्यास औषध किंवा इन्सुलिन देतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः ऑस्ट्रेलियात 1000 स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात, नीट उपचार केलेल्यांच्या बाळांत गंभीर संकटे 1 टक्का होती आणि उपचार न केलेल्यांत 4 टक्के. उपचाराला गुण आहे, हे ह्यावरून दिसते.

मला सर्वांत चिंता वाटते ती ह्याच ठिकाणी. पुडीचे पैसे गेले तर जाऊ द्यात; पण पुडीने खोटा धीर येतो. आमच्या ओळखीतील एक मुलगी अशीच. आईला मधुमेह, म्हणून भीती होती. कोणीतरी सुचविले म्हणून मोठ्या किमतीचा डबा आणला, सकाळसंध्याकाळ नेमाने घेतला, आणि "मी संरक्षण घेतले आहे" म्हणून सहाव्या महिन्यातली तपासणी टाळली. नवव्या महिन्यात साखर फार वाढलेली आढळली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण बाळाला चार दिवस आईपासून दूर राहावे लागले. त्या मुलीने हयगय केली नव्हती. तिने आपल्या समजुतीप्रमाणे काळजीच घेतली होती. तिची काळजी भलत्या वाटेने नेली गेली, एवढेच.

शेवटची एक गोष्ट, आणि ती बहुतेक घरांत राहूनच जाते. बाळंतपणानंतर वार पडते, साखर उतरते, आणि सर्वजण म्हणतात, "गेला मधुमेह!" परंतु ज्या स्त्रीला गर्भारपणी मधुमेह झाला, तिला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांपेक्षा सातपटीहूनही अधिक असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी, आणि पुढे दर वर्षी. पण सहाव्या आठवड्यात बाळंतीण असते माहेरी. सासरच्या दवाखान्यातले कागद सासरी, आणि माहेरच्यांना काही ठाऊक नसते. बारसे होते, बाळाच्या लसी होतात, आईची तपासणी तेवढी राहते. तेव्हा माहेरी जाताना बाळंतविड्याच्या सामानाबरोबर ते कागदही द्या. बाळाला सहा आठवड्यांची लस टोचावयास नेतात, त्याच दिवशी आईचीही साखर पाहून घ्यावी. आणि बाळाला अंगावर पाजावे. त्यात आईचेही हित आहे.

भगिनींनो, चिटणीसबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता एका दमात देते. मधुमेह टाळण्यासाठी म्हणून पूड घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आणि दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या चुकवू नका. पालेभाजी, फळ, दूध लग्न झाल्या दिवसापासून, किंबहुना मुलगी माहेरी आहे तेव्हापासून, तिच्या ताटात येऊ द्या. तपासणी दोनदा करा, आणि बाळंतपणानंतर तिसऱ्यांदा.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण हळदीकुंकवाला वाण देतो. ह्या वर्षी नव्या सुनांना आणि लग्नाच्या मुलींना प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी पालेभाजीची एक जुडी आणि दोन पेरू द्यावेत. आणि आपल्या वस्तीत कोणाला दिवस राहिले आहेत ह्याची एक वही आशाताईंच्या मदतीने ठेवावी. तीत दोन तपासण्यांच्या तारखा आणि बाळंतपणानंतरची तिसरी, असे तीन रकाने आखावेत. ज्या नावापुढील रकाना रिकामा दिसेल, तिच्या घरी आपल्यापैकी कोणीतरी एकीने जाऊन यावे. पुढील वर्धापनदिनी ती वही येथे टेबलावर ठेवलेली असावी, असे मला फार वाटते.